मानेचा मसाजर आणि मापाच्या वहीची मागची पानं

तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे ब्लाऊजपिसांच्या पिशव्या यायला लागतात. सांगलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी एकोणीस वर्षं शिवणकाम करतेय. अस्तराचे ब्लाऊज, फॉल-पिको, मुलींचे परकर-पोलके, आणि लग्नघरातलं एखादं अर्जंट काम असलं की रात्री अकरापर्यंत मशीन चालू. सीझनला दिवसाला पाच-सहा ब्लाऊज काढायचे म्हणजे नऊ-दहा तास मान खाली. मशीनवर बसलेल्या बाईची नजर सुईखालच्या इंचभर जागेवर असते. ती तिथून हलली की टीप वाकडी जाते.

गेल्या सीझनला माझी मान धरली. याआधीही धरायची, पण यावेळी सुटेना. डाव्या खांद्यावर, मान जिथे संपते तिथे, सुपारीएवढी गाठ हाताला लागायची. दाबलं की कळ थेट कानामागे. बाम झाला, शेक झाला, मिस्टरांनी निर्गुडीचं तेल आणून दिलं. त्यातच आणखी एक सुरू झालं. रात्री तीनच्या सुमाराला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर. उठून हात झटकला की पाच मिनिटांत बरं वाटायचं. हे सगळं मानेचंच, असं मी धरून चालले.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. फोनवर त्याला सांगितलं तर अर्ध्या तासात मानेच्या मसाजरची लिंक आली. "मम्मी, हे मागव. आमच्या ऑफिसात दोघांकडं आहे. पैसे मी भरतो." मी म्हटलं, थांब, मला आधी बघू दे.

थांबायला कारण होतं. २०२२ साली सासूबाईंच्या पायांसाठी असंच एक मशीन ऑनलाइन मागवलं होतं. चार महिन्यांत मोटरला जळका वास यायला लागला. वॉरंटी वर्षाची होती, पण मशीन आपल्या खर्चानं कुरियर करून दुसऱ्या राज्यात पाठवायचं, असं कार्डावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. कुरियरवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी मशीन परत घरी आणलं. ते अजून माळ्यावर आहे. अस्तराच्या ब्लाऊजची माझी शिलाई चारशे रुपये. मुलानं पाठवलेला मसाजर सोळाशे एकोणपन्नासचा, म्हणजे चार ब्लाऊज, म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस मान खाली घालून बसणं. पैसे मुलगा भरणार असला तरी माझ्या डोक्यात हिशोब असाच येतो, आणि तो तसाच यावा असं मला वाटतं.

गिऱ्हाइकांची मापं लिहायची माझी एक लांबट वही आहे. तिची मागची तीन पानं मी या कामाला काढली.

शोधायला बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की 'नेक मसाजर' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकतात. मुलानं पाठवलेला होता तो गळ्यात अडकवायचा, घोड्याच्या नालेसारखा. मागच्या बाजूला धातूच्या चकत्या आणि आत चार्जिंगची बॅटरी. यात फिरत काहीच नाही. चकत्यांमधून हलका वीजप्रवाह कातडीतून आत जातो. त्यानं स्नायू आपोआप आकसतो आणि सुटतो, किंवा नुसत्या झिणझिण्या येऊन दुखण्याची जाणीव कमी होते. दुसरा प्रकार उशीचा किंवा शालीसारखा खांद्यावर टाकायचा. त्याच्या आत मोटर, आणि मोटरवर फिरणारे चार किंवा आठ गोळे. ते खरोखरच कणीक मळल्यासारखं मळतात. याच्या जाहिरातीत 'शियात्सु' हा शब्द हटकून असतो. जपानीत त्याचा अर्थ बोटांचा दाब, एवढाच. तिसरी ती गन, धडधड ठोके देणारी. ती व्यायाम करणाऱ्या पोरांच्या मांड्यांना ठीक, मानेच्या कण्याजवळ तिचं काम नाही, हे पुढे मला फिजिओथेरपिस्टनंही सांगितलं. किमती आठशेपासून सहा-सात हजारांपर्यंत. आठशेवाला आणि सहा हजारवाला फोटोत अगदी सारखे दिसायचे.

विक्रीच्या पानांवर मी रोज रात्री जेवणं झाल्यावर बसायचे. मूळ किंमत ४,९९९ खोडलेली, त्याखाली १,६४९, आणि लाल अक्षरात 'फक्त २ नग शिल्लक'. पहिल्या दिवशी मला खरंच धाकधूक झाली. मग मी वहीत तारीख घालून ते लिहून ठेवलं. नऊ दिवस रोज बघितलं. नऊही दिवस दोनच नग शिल्लक. दुसऱ्या एका साइटवर पैसे भरायच्या पानावर ९९ रुपयांचं कसलंसं 'प्रोटेक्शन' आपोआप टिक झालेलं होतं, ते मी शोधून काढलं. अशा युक्त्यांना सरकारनं नावं दिलेली आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक व्यवहार खात्याची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यात अशा तेरा प्रकारांची यादी आहे. खोटी घाई करायला लावणं त्यात आहे, आणि न विचारता टोपलीत वस्तू सरकवणंही. बाजारात भाजीवाली हातानं एक जुडी जास्त टाकते ते आपल्या डोळ्यांसमोर होतं, फोनवर ते दिसत नाही. म्हणून फोनवर पैसे भरायचं पान मी सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचते. घरातल्या सगळ्यांनी तसं वाचावं असा माझा आग्रह असतो.

रिव्ह्यूंनी बरंच शिकवलं. पाच ताऱ्यांचे सगळे 'मस्त प्रॉडक्ट', 'पप्पांना आवडलं' असे, आणि बहुतेक वस्तू हातात पडली त्याच दिवशीचे. मानेला बरं वाटलं का, हे त्याच दिवशी कसं कळणार? मी दोन आणि तीन ताऱ्यांचे वाचत गेले. ती माणसं रागावलेली नसतात, नीट सांगतात. बॅटरीवाल्यांबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची: पाच-सहा महिन्यांत चार्जिंग टिकेना. गोळेवाल्यांबद्दल: वरची जाळी गोळ्यांवर घासून फाटते. कापडाचं काम करणाऱ्या माणसाला हे फोटो बघताक्षणी पटतं. जाळी एकेरी, ताणलेली, आणि शिवण नेमकी गोळ्याच्या वाटेवर घेतलेली. एका पानावर तर पहिले कितीतरी रिव्ह्यू मोबाईलच्या कव्हरबद्दल होते. कधीकाळी त्या पानावर दुसरीच वस्तू विकली जात असणार, आणि जुने तारे नव्या वस्तूला तसेच राहिलेले.

आणखी एक बघितलं, ते म्हणजे परत घेण्याची अट. मसाजरच्या बऱ्याच पानांवर 'सात दिवसांत रिप्लेसमेंट' असतं, 'रिटर्न' नसतं. यातला फरक मोठा आहे. वस्तू बिघडलेली निघाली तर तसलीच दुसरी देणार. पण चांगली असूनही आपल्या मानेला ती मानवली नाही, तर पैसे परत नाहीत. मानेची वस्तू मानवते की नाही हाच तर सगळा प्रश्न.

दहाव्या-अकराव्या दिवशी आमच्या चौथ्या गल्लीतल्या वहिनी ब्लाऊजाचं माप द्यायला आल्या. बोलता बोलता विषय निघाला तर त्यांच्याकडे तो गळ्यात अडकवायचाच होता. संध्याकाळी घेऊन आल्या. खुर्चीवर बसवून त्यांनी माझ्या मानेवर ठेवला. चकत्या गार लागल्या. बटण दाबलं तर एक बाईचा आवाज इंग्रजीत काहीतरी बोलला, आणि मानेला सुया टोचल्यासारखं झालं. मी दचकले. वहिनी म्हणाल्या, "कातडी कोरडी आहे. ओला रुमाल फिरवा आधी." ओला रुमाल फिरवल्यावर टोचणं थांबलं आणि मऊ अशी उकळी मानेत यायला लागली. त्यांनी आकडा वाढवत नेला. सहावर गेल्यावर माझा डावा खांदा माझ्या मर्जीशिवाय वर-खाली व्हायला लागला. पंधरा मिनिटांनी मशीन आपोआप बंद पडलं. मान हलकी वाटली, हे खरं. तासभर वाटली. मी त्या रात्री जवळजवळ ठरवलंच होतं.

वहिनी पेटी इथेच ठेवून गेल्या होत्या, उद्या नेते म्हणून. झोपायच्या आधी मी त्यातली पुस्तिका काढली. अक्षर इतकं बारीक की फोनच्या कॅमेऱ्यात मोठं करून वाचावं लागलं. दुसऱ्या पानावर यादी होती, कोणी वापरू नये याची. पहिलंच नाव पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके नीट ठेवणारं यंत्र, बसवलेल्यांचं. मग गरोदर बाया, हृदयविकार, फिट येणारे, कातडीला जखम असलेले. मानेच्या पुढच्या भागावर, गळ्यावर लावू नये, हेही.

माझ्या सासूबाईंना २०१९ साली मिरजेला पेसमेकर बसवलाय.

त्या संध्याकाळी वहिनींनी मला लावून दाखवलं तेव्हा सासूबाई समोर सोप्यावर बसून बघत होत्या. "मला पण लाव की गं जरा," म्हणाल्या होत्या. चार्जिंग संपत आलं होतं म्हणून राहिलं. तेवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती मानेमुळे नव्हे.

मी पहाटे उठून विक्रीची सगळी पानं पुन्हा उघडली. मुलानं पाठवलेलं, आणि मी खूण करून ठेवलेली आणखी पाच. मान, खांदा, पाठ, डोकेदुखी, हाताला मुंग्या, झोप न येणं, सगळ्यांवर उपाय म्हणून लिहिलेलं होतं. पेसमेकर हा शब्द एकाच पानावर सापडला, तोही अगदी खाली, 'आणखी वाचा' दाबल्यावर. जी गोष्ट विकत घेण्याआधी कळायला हवी ती पेटीच्या आत, आणि जी नंतर कळली तरी चालेल ती बाहेर मोठ्या अक्षरात. याचा मला राग आहे. आपल्याकडे वस्तू एका माणसाची राहत नाही. मुलगा आईसाठी घेतो, आई सासूला लावते, सासू शेजारणीला देते. घरात कोण कोण आहे हे मोजूनच अशी वस्तू घ्यावी लागते, आणि त्यासाठी ती यादी पहिल्या फोटोच्या खाली हवी.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगितलं, आधी डॉक्टरांना दाखवते. तो म्हणाला, "मम्मी, हेच मी आधी म्हणायला पाहिजे होतं."

सांगलीकरांना दवाखान्यासाठी मिरज काही लांब नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मानेच्या मणक्यात थोडी झीज दिसली. ते म्हणाले, चाळिशीनंतर कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये ही दिसते, दुखणं असो वा नसो, तेवढ्यावरून घाबरायचं नाही. मग फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं घाईनं मशीन लावलं नाही. आधी मान सगळीकडे फिरवून बघितली. मान तिरकी करून डोक्यावर हलका दाब दिला आणि विचारलं, "काकू, हातात कळ उतरते?" नाही उतरली. कोपरावर हातोडी मारून बघितली. तिची दोन बोटं मला जोरात धरायला लावली. मग म्हणाली, "आता दोन्ही मनगटं अशी वाकवून, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून एक मिनिट धरा." चाळीस सेकंद झाले असतील. उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत त्याच मुंग्या, रात्री तीन वाजता येतात त्याच.

"ही मान नाही काकू. ही मनगटातली नस दबतीय."

या दुखण्याला म्हणतात कार्पल टनेल. मनगटात हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा बोगदा असतो, त्यातून नस आणि बोटांच्या दोऱ्या जातात. कात्री चालवून, कापड ओढून धरून तिथे सूज येते, आणि नस चेपते. रात्री झोपेत मनगट दुमडलेलं राहतं म्हणून मुंग्या रात्री. उपाय म्हणून तिनं रात्री बांधायचा पट्टा घ्यायला लावला, आत पत्र्याची पट्टी असलेला, मनगट सरळ ठेवणारा. साडेतीनशे रुपयांचा. तो बांधून झोपायला लागल्यापासून बाराव्या रात्री मी सकाळपर्यंत सलग झोपले. मानेला कितीही भारी मसाजर लावला असता तरी या मुंग्या गेल्या नसत्या, आणि मी मात्र गुण येत नाही म्हणून आकडा वाढवत राहिले असते.

मान वेगळी. ती गाठ स्नायूची होती. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, डोकं साधारण पाच किलोचं, म्हणजे साखरेची पाच किलोची पिशवी. मान सरळ असली की वजन मणक्यांवर बसतं. पुढे झुकली की ते मागच्या स्नायूंनी ओढून धरायचं. "तुम्ही पिशवी हात लांब करून धरलीय दहा तास, मग खांदा गाठ मारणारच." मग तिनं विचारलं, "चष्म्याचा नंबर कधी तपासला?" मला आठवेना. चार वर्षं तरी झाली असतील. नंबर वाढला होता, सुई दिसत नव्हती, म्हणून मी नकळत सुईकडे झुकत चालले होते. दिसत नाही हे मला कळलंच नव्हतं, कारण मी जवळ जात होते आणि दिसत होतं.

नवा चष्मा केला. मिस्टरांनी मशीनच्या पायांखाली दोन-दोन इंचांचे लाकडी गुटके ठोकून दिले. जमिनीवर बसून कटिंग करायची माझी जुनी सवय होती, ती सोडून जुन्या दाराचं फळकूट दोन टेबलांवर टाकलं आणि उभ्यानं कापायला लागले. एवढ्यानं गाठ निम्मी झाली. निम्मी राहिली. संध्याकाळी सहानंतर ती परत यायची, आणि सीझन तर संपलेला नव्हता.

मग मी फिजिओथेरपिस्टला सरळ विचारलं, मसाजर घेऊ का. तिचं उत्तर मी वहीत जसंच्या तसं उतरून घेतलंय. "घ्या, हरकत नाही. पण तो तुमची मान बरी करेल म्हणून घेऊ नका. संध्याकाळी आखडलेला स्नायू थोडा सैल होईल, तेवढ्यासाठी घ्या. सैल झाला की लगेच मी दिलेले व्यायाम करा." विजेच्या झिणझिण्यांबद्दल ती म्हणाली, दवाखान्यात आम्हीही लावतो, पण जुन्या मानदुखीवर त्याचा नक्की उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. २०१९ साली कोक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निकाल तपासणाऱ्या संस्थेनं यावरच्या सात चाचण्या, सहाशे एक्कावन्न रुग्ण, एकत्र करून तपासले. खोटं मशीन लावलेल्यांपेक्षा खरं लावलेल्यांना जास्त गुण आला, असं खात्रीनं म्हणता आलं नाही. हे ऐकून मला त्या गळ्यातल्या नालेबद्दल उरलीसुरली ओढही राहिली नाही. मग तिनं नियम सांगितले. एका वेळी पंधरा मिनिटं, जास्त नाही. खांद्याच्या मांसल भागावर, कण्याच्या हाडावर नाही. गळ्याच्या पुढे आणि बाजूला तर नाहीच, तिथे मोठ्या रक्तवाहिनीवर दाब आला तर नाडी आणि रक्तदाब एकदम उतरू शकतो. लावून झोपायचं नाही. आणि हातातली ताकद कमी वाटली, वस्तू हातून पडायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे यायचं. हे शेवटचं मी लाल पेननं लिहिलं.

सासूबाईंच्या तपासणीची तारीख होतीच. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना मी विचारलं. वीज सोडणारं काही लावायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मोटरचं आणि लोहचुंबकाचं सामानही पेसमेकरपासून निदान एक वीत लांब. खांद्यावर घ्यायचा मसाजर छातीच्या त्या जागेपासून वीतभर लांब राहणार नाही, म्हणजे तोही त्यांच्यासाठी नाही. मी सासूबाईंना तिथेच सांगितलं. "बरं झालं विचारलंस," म्हणाल्या.

तर मग ठरलं. नालेसारखा नाही. गोळ्यांचा, दोन्ही हातांत पट्टे धरून खांद्यावर घ्यायचा. बॅटरीचा नको, वायरीचा, कारण बॅटरी आधी मरते आणि ती बदलून मिळत नाही. पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होणारा. उष्णता वेगळ्या बटणानं बंद करता येईल असा.

असा ऑनलाइन सापडला, १,६४९ लाच. कार्टमध्ये टाकला. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, वस्तू कोणत्या देशात तयार झाली, हे सगळं बघितलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे हे दाखवावंच लागतं, आणि तक्रार केली तर ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण, असाही त्यात नियम आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तर माझ्या फोनमध्ये २०२२ पासून आहे. सगळं ठीक होतं. तरी बोट पुढे जाईना. गोळ्यांचा जोर माझ्या खांद्याला सोसेल का, हे फोटोवरून कळायचा काही मार्ग नव्हता, आणि तिथेही रिप्लेसमेंटच होती, रिटर्न नव्हतं.

पट्टा घेतला होता त्या मिरजेतल्या सर्जिकलच्या दुकानात मी फोटो घेऊन गेले. त्यांच्याकडे तसे दोन प्रकार होते. पहिल्याच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ताच नव्हता, ना महिना ना साल. मी तो बाजूला ठेवला. दुसऱ्यावर सगळं छापलेलं. अडॅप्टर हातात घेऊन उलटा केला: बारा व्होल्ट, दोन अँपिअर, आणि बाजूला भारतीय मानक ब्युरोची खूण, तिच्याखाली आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो असावा हे मला वाचून माहीत झालेलं होतं. मोटरच्या जळक्या वासाची आठवण असलेल्या माणसानं तेवढं बघावंच. किंमत एकवीसशे. मी म्हटलं, लावून बघू द्या. दुकानदारानं काउंटरच्या मागे स्टूल दिलं, प्लग लावला. पंधरा मिनिटं मी तिथे बसले. गोळे खांद्यावर चढले तेव्हा पहिली दोन मिनिटं दुखलं. मी शालीची घडी मध्ये घातली, तेव्हा बरोबर दाब आला. गाठीवरून गोळा जाताना ती हलल्यासारखी वाटत होती. हातातले पट्टे सैल सोडले की दाब कमी, ओढले की जास्त. म्हणजे जोर माझ्या हातात होता. पंधराव्या मिनिटाला बंद पडला, मी घड्याळ लावून बघितलं.

घासाघीस करून एकोणीसशेला दिला. ऑनलाइनपेक्षा अडीचशे जास्त. पण मी त्यांच्याकडून बिलावर लिहून घेतलं, सहा महिन्यांत मोटर बिघडली तर दुकानात बदलून. त्यांनी सही केली, शिक्का मारला. मला ते अडीचशे रुपये द्यायला जड वाटले नाहीत. मिरजेची बस अर्ध्या तासात पोचवते, आणि त्या माणसाचं तोंड मला माहीत आहे. ऑनलाइन घेणं वाईट असं माझं म्हणणं नाही. दोरे, बटणं, लेस, कॅनव्हास मी सगळं तिकडूनच मागवते. अंगाला लावून बघायची वस्तू मात्र अंगाला लावून घ्यावी.

आता दोन महिने होतील. संध्याकाळी सहाला मशीन थांबवते, पंधरा मिनिटं मसाजर, मग भिंतीला पाठ टेकून हनुवटी आत घ्यायचा व्यायाम दहा वेळा. गाठ आहे, पण सुपारीची हरभऱ्याएवढी झालीय. सुट्टीच्या दिवशी मसाजरची आठवणही येत नाही, यावरून मला माझं उत्तर कळलंय की दुखणं कामामुळे आहे.

जाळीचं मात्र मी आधीच बघून ठेवलं होतं. घरी आणल्याच दिवशी त्याला खोळ शिवली. बाहेरून जाड पॉपलिन, आतून अस्तराचं मऊ कापड, गोळ्यांच्या वाटेवर एकही शिवण नाही, आणि कडेला चेन, म्हणजे काढून धुता येते. सासूबाईंना बारीक अक्षरं दिसत नाहीत. दुपारी मी बाजारात गेले आणि त्यांची मान आखडली तर हात सहज तिकडे जाईल, ही भीती मनातून जात नव्हती. म्हणून खोळीच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढा लालभडक तुकडा लावला, लग्नाच्या शालूच्या ब्लाऊजातून उरलेला. त्यांना हातात देऊन, बोटांनी चाचपायला लावून सांगितलं, "आई, हा लाल म्हणजे तुमचा नाही." त्यांनी दोन्ही तुकडे बोटांनी बघितले, कडेची टीप बघितली. "तुरपाई केलीस होय," म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी शिवलेली गव्हाच्या शेकाची पिशवी घेऊन खिडकीपाशी जाऊन बसल्या.